पत्ता कोणाला विचारायचा?

प्रति,
धार आणि देवास येथील मराठी मंडळे, वाचनालये आणि गणेशोत्सव समित्या यांचे पदाधिकारी



सभासदांच्या घरी वायफाय केव्हाच आले, आता आपल्या सभागृहांतही येऊ लागले आहे. समग्र आयडी, वीजबिल, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, नातवंडांचा निकाल, सगळे त्यावरच चालते. यातले काहीही उघडण्याआधी आपला फोन प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारतो: या नावाचा आकडी पत्ता काय? उत्तर कोणाकडून घ्यायचे, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी स्वतः ठरवले असेल. इंटरनेटची जोडणी देणाऱ्याने ते परस्पर ठरवून टाकलेले असते. ही निवड आपण जाणीवपूर्वक करावी, एवढ्यासाठी हे पत्र. आपल्यालाच लिहितो, कारण पवारांच्या धारेत आणि थोरल्या-धाकट्या पातीच्या देवासात मराठी घरांपर्यंत एखादी गोष्ट पोचवायची ताकद आपल्या संस्थांइतकी दुसऱ्या कोणाकडे नाही.

थोडे मागून सांगतो. इंटरनेटवरची यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावे माणसांच्या सोयीसाठी. सुरुवातीला नावांची आणि आकड्यांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले, यादी पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, आखली. आज ‘समग्र’चे पोर्टल उघडायचे म्हटले की फोन आधी एका सर्व्हरला विचारतो, त्याला ठाऊक नसेल तर तो पुढे चारजणांकडे चौकशी करून येतो आणि आकडा फोनच्या हाती ठेवतो. क्षणाच्या आत होते म्हणून आपल्याला जाणवत नाही. १९८३ सालच्या जाळ्यातली माणसे विद्यापीठांतली, संशोधन संस्थांतली, बरीचशी एकमेकांना ओळखणारी. प्रश्न उघड्यावर विचारला जाण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. त्यानंतर चाळीस वर्षे उलटली, बँका आणि दवाखाने जाळ्यावर आले, पण आपण मुद्दाम काही केले नाही तर बहुतेक घरांतून तो प्रश्न अजून तसाच उघड्यावर विचारला जातो.

त्यातून काय कळते? संकेतस्थळावर कुलपाची खूण असली तर आपण कोणते पान वाचले, काय लिहिले, हे वाटेतल्या कोणाला दिसत नाही. पण कोणाच्या दारी गेलो, हे डीएनएसच्या प्रश्नातून दिसते. आणि पुष्कळदा दार कळले की आत काय झाले ते विचारावे लागत नाही. एका घरातून आठवडाभर क्षयरोगाची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांची विचारणा होते. दुसऱ्या घरातून रात्री अकरानंतर कर्ज देणाऱ्या ॲपची. तिसऱ्यातून कौटुंबिक न्यायालयाची आणि लगेच वकिलाची. आपली गावे लहान आहेत. केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलेले असते आणि त्याच्याकडे काम करणारा मुलगा आपल्या भाच्याच्या वर्गातला निघतो. तो मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याला हे दिसू शकेल अशी व्यवस्था असण्याची गरज काय, एवढेच विचारतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठावर शरद बोबडे होते, धनंजय चंद्रचूड होते, आणि आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले अभय मनोहर सप्रेही होते. मराठी माणसाने या निकालाकडे परका म्हणून पाहावे असे त्यात काही नाही. त्याचबरोबर हेही लक्षात असू द्यावे की डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार परवान्यांच्या अटी बदलल्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. गुन्ह्याचा तपास कायद्याने व्हावा, याला माझा विरोध नाही. पण जी नोंद तयारच होत नाही ती चोरीला जात नाही, विकली जात नाही, चुकीच्या माणसाच्या टेबलावर पडत नाही. म्हणून डीएनएस निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. माझे प्रश्न तुम्ही किती काळ जपून ठेवता, हा असावा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. राउटरमध्ये जाऊन ८.८.८.८ हा आकडा घातला की काम झाले, असे संगणक दुरुस्त करणारेही सांगतात. तो आकडा गूगलच्या सार्वजनिक सेवेचा, डिसेंबर २००९ पासूनचा. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने ट्विटर बंद केले तेव्हा लोकांनी इस्तंबूलच्या भिंतींवर हा आकडा रंगवला होता, म्हणजे ज्याला त्याला तो फोनमध्ये घालता यावा. काही दिवस उपाय चालला. मग तिथल्या कंपन्यांनी गूगलकडे जाणारे प्रश्नच वाटेत अडवले आणि गूगलच्या नावाने स्वतः उत्तरे द्यायला सुरुवात केली. आकडा बदलल्याने विचारणा दुसऱ्याकडे गेली खरी, पण ती उघडीच होती, त्यामुळे मधल्याला ती वाचता आली आणि उत्तरही फिरवता आले. नुसता आकडा बदलून आपल्या घरातला प्रश्न आपल्या जोडणीवाल्यापासून लपत नाही. प्रश्न बंद पाकिटातून जायला हवा. तशी सोय २०१६ आणि २०१८ मध्ये ठरलेल्या दोन पद्धतींनी झाली, ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ आणि ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ‘प्रायव्हेट डीएनएस’ या नावाने ती प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये आहे. आपल्या खिशात ती इतकी वर्षे पडून आहे आणि आपण ती उघडून पाहिलेली नाही.

सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की निवड चुकते. देवासकरांना हे सांगायला बँक नोट प्रेसपेक्षा चांगला दाखला नाही. तिथे छापलेली नोट खरी की खोटी, हे तिच्यातल्या खुणांवरून कोणालाही पारखता येते. पण ती नोट तुम्ही सराफ्यात मोडली की औषधाच्या दुकानात, हे नोटेवर लिहिलेले नसते. डीएनएसमध्ये उत्तर खरे असल्याची खूण म्हणजे डीएनएससेक नावाची सही. जुलै २०१० मध्ये या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या यादीवर ती पहिल्यांदा झाली. तिची निकड २००८ मध्ये सगळ्यांना पटली होती, कारण त्या वर्षी डॅन कमिन्स्की या संशोधकाने सर्व्हरच्या स्मरणात खोटे पत्ते घुसडता येतात हे दाखवले आणि जगभरच्या कंपन्यांना एकाच वेळी दुरुस्ती करावी लागली. सहीमुळे उत्तर खोटे नाही हे कळते. आपण काय विचारले ते मात्र झाकले जात नाही. झाकण्याचे काम बंद पाकिटाचे. चांगल्या सेवेत दोन्ही हवे. जी सेवा एकाचीच जाहिरात करते तिला दुसऱ्याबद्दल विचारावे.

सुरक्षिततेची दुसरी बाजू आपल्या सभासदांच्या रोजच्या जगण्याला जास्त चिकटलेली आहे. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आपल्यापैकी अनेकांना येऊन गेला असेल. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, ती उघडली की फोनमध्ये भलतेच ॲप बसते. योजनेच्या हप्त्याचे नाव सांगून हुबेहूब सरकारी दिसणारे पान दाखवले जाते आणि त्यावर आधार क्रमांक भरून घेतात. या फसवणुकीत पुष्कळदा एखादे खोटे संकेतस्थळ लागते, आणि त्या संकेतस्थळाला नाव लागते. फसवी नावे ओळखून त्यांचा पत्ता द्यायचाच नाही, असे काम काही डीएनएस सेवा करतात. आजीने लिंकवर बोट ठेवले तरी पान उघडत नाही. प्रत्येक वेळी नाही, कारण नवे नाव यादीत यायला वेळ लागतो. पण आजीचे बोट थरथरते आणि मेसेज घाबरवणारा असतो, अशा वेळी वाटेत एक अडसर असणे मोलाचे आहे.

मग कोणाची सेवा घ्यावी? माझे मत लपवत नाही. सर्वसाधारण मराठी घरासाठी मी क्वाड९ सुचवतो, आकडा ९.९.९.९. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाऊस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी मिळून ती सुरू केली, आणि २०२१ मध्ये तिने आपले ठाणे अमेरिकेतून स्वित्झर्लंडला हलवले, तिथल्या कायद्याखाली. ही ना-नफा संस्था आहे, विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवत नाही, आणि फसवी नावे अडवणे हे तिचे मुख्य काम. तिला जाहिराती विकायच्या नाहीत, हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार कारण.

दुसरी क्लाउडफ्लेअर, १.१.१.१, एप्रिल २०१८ पासून. वेगवान आहे. नोंदी सुमारे दिवसभरात पुसण्याचे वचन तिने जाहीर दिले आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून ते तपासूनही घेतले. पण ती नफ्यासाठी चालणारी मोठी कंपनी आहे आणि जगातली असंख्य संकेतस्थळे आधीच तिच्या मागे उभी आहेत. सगळीच वर्दळ एका दारातून जावी, हे मला बरे वाटत नाही. शिवाय १४ जुलै २०२५ रोजी तिची ही सेवा तासभर जगभर बंद पडली होती. गूगलची सेवा भक्कम आहे, पत्त्यांसह ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदी ती २४ ते ४८ तासांत काढून टाकते असे तिच्या धोरणात लिहिलेले आहे. पण ज्या कंपनीला आपला नकाशा, मेल आणि व्हिडिओ ठाऊक आहेत तिलाच हेही द्यायचे का, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी देत नाही.

आपल्या सरकारचीही एक सेवा आहे. राष्ट्रीय सूचना केंद्राने २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सायबर सुरक्षेच्या सूचनांत १.१०.१०.१० हा आकडा संगणकात घालायला सांगितले आहे. कचेरीच्या संगणकाला तेच योग्य, आणि आपल्यातल्या कलेक्टोरेटमधल्या, शाळांतल्या मंडळींनी कामाच्या यंत्रावर आपल्या मनाने दुसरे काही करू नये. घरासाठी मात्र मी तो आकडा सुचवणार नाही. युरोपने जून २०२५ मध्ये आणि कॅनडाने २०२० मध्ये नागरिकांसाठी अशा सेवा काढल्या, तशी खासगीपणाची लेखी हमी असलेली, बाहेरून तपासली जाणारी आणि हिंदी-मराठीत समजावून सांगितलेली देशी सेवा आली तर सगळ्यात आधी तिची शिफारस मीच करीन.

परदेशी सेवा घेतली म्हणजे कायद्याच्या बाहेर गेलो, असेही नाही. सोनी म्युझिकने जर्मनीत क्वाड९ला न्यायालयात खेचले होते, एका संकेतस्थळाचा पत्ता सांगू नये म्हणून. खालच्या न्यायालयांत क्वाड९ हरली. डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकली. फ्रान्समध्ये असाच आदेश आल्यावर सिस्कोने जून २०२४ मध्ये तिथली ओपनडीएनएस सेवाच बंद केली. सेवा कोणत्या कायद्याखाली चालते आणि दबाव आल्यावर तिचे चालक कसे वागतात, हे कागदावरच्या धोरणाइतकेच पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष कसे करायचे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधावे. तिथे आकडा चालत नाही, नाव लागते. क्वाड९साठी इंग्रजी लिपीत ‘डीएनएस’, टिंब, ‘क्वाड’ला जोडून नऊचा आकडा, टिंब, ‘नेट’. क्लाउडफ्लेअरसाठी ‘वन’ हा शब्द चार वेळा, मध्ये टिंबे. विंडोज ११ मध्ये ही सोय सेटिंगमध्येच आहे. आयफोनला सेवेचे स्वतःचे ॲप किंवा प्रोफाइल लागते. नाव घातल्यावर एखादे जाळे ते अडवत असेल तर इंटरनेटच बंद झाल्यासारखे वाटते. रेल्वे स्थानकाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर, जिथे आधी लॉगिनचे पान यावे लागते, तिथे असे घडते. तेवढ्यापुरते सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर न्यावे आणि काम झाले की परत आणावे. हे वाक्य सभासदांना सांगायला कृपा करून विसरू नका, नाहीतर पहिल्याच प्रवासात मंडळी वैतागून सगळे काढून टाकतील. वेग कोणाचा चांगला, हे जोडणीवर अवलंबून असते. धारच्या फायबरवर एक आणि बदनावरच्या मोबाइलवर दुसरे निघू शकते, तेव्हा चार दिवस वापरून ठरवावे.

राउटरबद्दल एक गोष्ट आवर्जून. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसेल तर वरचे निम्मे कष्ट वाया जातात. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियातली एक टोळी पकडवली. तिच्या ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रामने शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांचा डीएनएस गुपचूप आपल्या सर्व्हरकडे वळवला होता, आणि तो राउटरच्या ठरीव पासवर्डांवरही हात चालवत असे. पीडितांना काहीच जाणवले नव्हते. संकेतस्थळे उघडत होती, फक्त उत्तरे चोरांची होती.

एवढे करून काय मिळत नाही, तेही सांगायला हवे. बंद पाकिटातून पत्ता विचारला तरी नंतर आपण त्या पत्त्यावर जातोच. तो आकडा, आणि बऱ्याच वेळा संकेतस्थळाचे नावही, जोडणी देणाऱ्याला अजून दिसू शकते. नाव झाकण्याची नवी पद्धत हळूहळू येते आहे, सर्वत्र पोचलेली नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून फोनवर धमकावणाऱ्यापुढे डीएनएसचा काही उपयोग नाही. तिथे फोन ठेवून देणे आणि १९३० वर कळवणे हाच उपाय. आणि विश्वास ठेवावा लागतोच. तो जोडणीवाल्यावरून उचलून आपण निवडलेल्या संस्थेवर ठेवतो, इतकाच फरक. पण तो फरक आपण केलेला असतो.

आता आपल्या संस्थांकडे येतो. सभागृहाचे वायफाय वापरणाऱ्यांच्या नोंदी आपला राउटर ठेवत असेल तर कायद्याने लागतील त्याहून अधिक ठेवू नयेत, आणि ठेवता हे दारावर लिहावे. मुलांच्या वाचन कक्षात घातक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळे दोन्ही अडवणारी क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही सेवा लावायला हरकत नाही. मात्र मोठ्यांच्या फोनवर असली गाळणी कोणी परस्पर लावू नये. मला इथे स्पष्ट बोलायचे आहे. ज्याच्या हाती राउटर त्याला घरातल्या प्रत्येकाचे उघड्यावर विचारलेले प्रश्न पाहता येतात, आणि बऱ्याच घरांत राउटर एका पुरुषाच्या हाती असतो. सून कोणत्या डॉक्टरची माहिती शोधते, मुलगी कोणत्या गावच्या वसतिगृहाची, याची यादी सासऱ्याला किंवा भावाला मिळावी म्हणून आपण कोणाला हे शिकवत नाही आहोत. शिकवताना आधी बायकांचे आणि मुलींचे फोन त्यांच्याच हाताने त्यांना लावू द्यावेत. पाहणारा कंपनीतलाच असतो असे नाही.

आपल्या मंडळांत इंदूरला संगणक शिकणारी मुले-मुली आहेत, पीथमपूरच्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळणारे तरुण आहेत. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ त्यांच्या हाती द्या. भाषण नको. दोन टेबले मांडा, सेवांची धोरणे मराठीत छापून ठेवा, आणि जो येईल त्याला निवड करू द्या; क्वाड९ नको आणि गूगलच हवे असे कोणी म्हणाले तर तेच लावून द्या, फक्त त्याने वाचून ठरवलेले असावे. हयातीच्या दाखल्यासाठी नातवाचा फोन मागणाऱ्या पेन्शनरांना त्या संध्याकाळी पुढच्या खुर्च्या द्या, कारण फसवणूक करणाऱ्यांचे पहिले गिऱ्हाईक तेच असतात.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत; सेवा फुकट आहेत आणि सेटिंग पाच मिनिटांचे आहे. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कोणत्या संध्याकाळी टेबले मांडणार ते त्याच बैठकीत ठरवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
देवासचा एक मराठी रहिवासी